हेडर एकाचे, लायब्ररी दुसऱ्याची

प्रश्न : चित्रे दाखवणारा एक जुना मुक्त-स्रोत प्रोग्राम मी उबुंटू लिनक्सवर बिल्ड केला (सोर्सवरून बांधला). बिल्ड विनातक्रार झाला, परंतु पीएनजी चित्र उघडताच ‘बिल्ड १.२.५ वर, चालू १.६.३७ वर’ अशा आशयाचा इशारा येऊन चित्र उघडत नाही. सोर्ससोबत लिबपीएनजी या पीएनजी चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीची हेडर (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली) आलेली आहेत. लिंकिंगसाठी, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडण्यासाठी, मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) नुसते ‘डॅश एल पीएनजी’ लिहिलेले आहे. सिस्टिमची हेडर आधी सापडावीत म्हणून ‘डॅश कॅपिटल आय’ देऊन यूएसआर-इन्क्लूड ही डिरेक्टरी सर्वांत आधी लिहिली, तरी फरक पडला नाही. चूक कोठे आहे?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : आपल्या प्रोग्रामचे कंपायलिंग सोबत आलेल्या १.२ मालिकेच्या हेडरनुसार झाले आणि लिंकिंग सिस्टिमच्या १.६ शी झाले. स्ट्रक्चरमधील (माहितीचे अनेक घटक एकत्र ठेवणाऱ्या रचनेतील) कोणता घटक कितव्या बाइटवर बसतो, हे कंपायलर हेडरवरूनच ठरवतो. त्यामुळे एका गावच्या पायलीने मोजून दुसऱ्या गावच्या पायलीचा हिशेब लावावा, तसे हे झाले आहे. १.२ मध्ये लिबपीएनजीची मुख्य स्ट्रक्चर उघडी होती आणि प्रोग्राम तिच्यातील घटकांना थेट हात घालू शकत असे, १.५ पासून ती झाकण्यात आली. लायब्ररीने आवृत्ती पाहून नकार दिला, हे तिचे उपकारच समजावेत. झेडलिब ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी स्ट्रक्चरचा आकार आणि आवृत्तीचे केवळ पहिले अक्षर ताडून पाहते, तर कित्येक लायब्रऱ्या काहीच तपासत नाहीत; मग प्रोग्राम सुरू होतो आणि भलत्याच ठिकाणी कोसळतो.

आपला उपाय का लागू पडला नाही, याचे कारण जीसीसी या कंपायलरच्या नियमात आहे. जी डिरेक्टरी मुळातच सिस्टिमच्या यादीत आहे, ती ‘डॅश कॅपिटल आय’ने पुन्हा सांगितली, तर जीसीसी त्या सांगण्याकडे दुर्लक्ष करतो आणि ती डिरेक्टरी तिच्या नेहमीच्या जागी, म्हणजे शेवटीच, शोधतो. त्याशिवाय, हेडरचे नाव दुहेरी अवतरणात असेल, तर ज्या फाइलमध्ये ते लिहिले आहे तिच्या शेजारी आधी शोध होतो. तेव्हा जुने हेडर सोर्सशेजारीच असेल, तर मेकफाइल कितीही बदलली तरी तेच उचलले जाईल. ‘डॅश कॅपिटल एच’ हा पर्याय देऊन कंपायल करावे, म्हणजे कोणते हेडर कोठून आले ते मार्गासह दिसते. अंदाज बांधण्याआधी हे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

लिबपीएनजी-डेव्ह हे सिस्टिमच्या लायब्ररीची हेडर देणारे पॅकेज बसवावे, सोबतची हेडर बाजूला काढावीत आणि कंपायलिंग व लिंकिंग या दोन्हींचे पर्याय पीकेजी-कॉन्फिग या, बसवलेल्या लायब्ररीचे पर्याय सांगणाऱ्या, साधनाकडूनच घ्यावेत. यानंतर बहुधा नव्या चुका दिसतील, कारण जुना कोड चित्राची रुंदी-उंची थेट स्ट्रक्चरमधून वाचत असेल. त्या जागी लायब्ररीची ‘गेट’ फंक्शने वापरावी लागतील. काम कंटाळवाणे आहे, पण या चुका निदान बिल्डच्या वेळीच समोर येतात.

प्रश्न : आमच्या गावी इंटरनेट धड चालत नाही. मग सर्व लायब्रऱ्या सोर्ससोबतच ठेवणे बरे नव्हे का?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : अडचण खरी आहे, आणि हेडरसोबत लायब्ररीचा सोर्सही ठेवून तोच बिल्ड व लिंक केला, तर तांत्रिक चूक काही नाही. मात्र त्या प्रतीची राखण आपल्यावर येते. २००२ मध्ये झेडलिबमध्ये तीच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला आणि १.१.४ मध्ये तो दुरुस्त झाला. सिस्टिमची लायब्ररी वापरणाऱ्यांचे काम एका अपडेटने भागले, परंतु ज्यांनी स्वतःच्या पोटात प्रत ठेवली होती, ते प्रोग्राम एकेक करून पुन्हा बांधावे लागले. म्हणूनच डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात अशा प्रती टाळण्यास सांगितले आहे, आणि फेडोरा या दुसऱ्या वितरणाने २०१५ मध्ये नियम सैल करतानाही सोबत काय बांधले आहे ते पॅकेजमध्ये जाहीर करण्याची अट ठेवली. पायथॉन एक्सपॅट या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीची प्रत स्वतःजवळ बाळगतो, पण सिस्टिमची वापरण्याचा पर्यायही देतो. मला ही तडजोड सर्वांत शहाणपणाची वाटते. आपल्यापुरते सांगायचे, तर लातूरला गेल्यावर आपल्या उबुंटूच्या आवृत्तीची डेव्ह पॅकेजे, त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, एकदाच पेनड्राइव्हवर उतरवून आणावीत.