डिप्लोमानंतर स्ट्रक्चरल स्टीलमध्ये एस्टिमेटरची (कामाचं वजन आणि खर्च आधीच काढणाऱ्याची) नोकरी घ्यावी का? कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

नोकरी घ्या. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. 10 मिमी प्लेट चौरस मीटरला 78.5 किलो, हे कोणीही काढतो. एस्टिमेटरचा कस लागतो ड्रॉइंगमध्ये जे दाखवलेलंच नसतं त्यात.

जळगावजवळ एका जिनिंगच्या शेडचं काम होतं. कोटेशन देताना हातात फक्त जनरल ड्रॉइंग. कॉलम आणि छताचे राफ्टर, पर्लिन मिळून 60 टन भरलं. गसेट, क्लीट, बेसप्लेट, नटबोल्ट या जोडणीच्या भागांचे (कनेक्शनचे) डिटेल यायचे होते, म्हणून त्यांचे मी 10 टक्के धरले. आमच्या शेठनी माझ्यासमोर 10 खोडून 4 केले. "भाऊ, एवढ्यानं काम हातचं जाईल." काम मिळालं, तेही लमसम, म्हणजे वजन वाढलं तरी ठरलेली रक्कम तेवढीच. शॉप ड्रॉइंग (प्रत्येक तुकड्याचं डिटेल ड्रॉइंग) आल्यावर कनेक्शनचंच वजन 5.8 टन निघालं. म्हणजे 3.4 टन अंगावर, किलोला 90 रुपयांनी तीन लाखांच्या वर.

त्यात मार्चचं इरेक्शन, म्हणजे साइटवरची उभारणी, मे महिन्यावर गेलं. आमच्या खान्देशात मे महिन्यात अकरानंतर राफ्टरला हात लावून बघा! पोरं सकाळी सहाला चढायची, अकराला उतरायची, क्रेनचं भाडं मात्र पूर्ण दिवसाचं.

हिशेबाला बसल्यावर शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "याचं एस्टिमेट चुकलं." क्रेनचं चुकलं, ते मी तिथंच कबूल केलं. दिवस मार्चचे धरलेत, हे कोटेशनमध्ये लिहायला हवं होतं. पण वजन चुकलं नव्हतं. 10 टक्केवाली शीट आजही माझ्याकडे आहे. एस्टिमेटर म्हणजे नुसता गुणाकार करणारा, असं समजणाऱ्याकडे काम करू नका.

10 टक्के हा काही नियम नाही. अँगलच्या ट्रसला जास्त लागतात, जड सेक्शनला कमी. आणि बिल प्रत्यक्ष वजनावर असेल तर हा फटका एवढा बसत नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एक्सेल पक्कं हवंच. टेक्ला (स्टीलचं 3D मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आलं तर वजनाची यादी झटपट निघते. पण वर्षभर फॅब्रिकेशन यार्डात काढा, कटिंगमध्ये किती तुकडे भंगारात जातात ते डोळ्यांनी बघा. आणि शेठनी आकडा बदलला, तर जुनी शीट पुसू नका. नवी काढा, तारीख टाका आणि बदललेल्या आकड्याशेजारी त्यांचीच सही घ्या. मी तेव्हा मागितली नाही, आता मागतो.