बीप चुकला तर?

"मॅडम, मी इथे बसलेय तेवढ्यात तिकडे एखादं चांगलं काम येऊन गेलं असेल."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ती पहिल्या भेटीत अर्ध्या तासात हे तीनदा म्हणाली. इंटरनेटवर तुकड्यातुकड्यानं मिळणारी कामं ती करायची. हीच धास्ती घेऊन दीड वर्षात माझ्याकडे आलेली ती पाचवी. त्याआधी एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, एक निवृत्त टंकलेखक होते, दोन गृहिणी होत्या. म्हणून तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

हे काम अनेकांना ठाऊक नसतं. फोटोतल्या वस्तूंभोवती चौकट काढायची, पावतीवरचा मजकूर टाइप करायचा, सर्वेक्षण भरायचं. एकेक तुकडा काही सेंटचा. ॲमेझॉनने 2005 मध्ये 'मेकॅनिकल टर्क' हा अशा कामांचा मंच सुरू केला, पुढे असे मंच वाढत गेले आणि भारतातूनही पुष्कळ लोक त्यांवर काम करू लागले. जो आधी उचलेल त्याचं काम. त्यामुळे कामगारांनी स्वतःच ब्राउझरमध्ये बसवायची साधनं तयार केली. ती कामांची यादी सतत ताजी करतात, हवं ते काम दिसताच परस्पर उचलतात आणि बीप वाजवतात. टर्कवरची मंडळी अशा साधनाला 'पांडा' म्हणतात. काम एकदा उचललं की घड्याळ सुरू होतं. मुदतीत झालं नाही तर ते हातचं जातं. केलेलं काम देणाऱ्यानं नाकारलं तर मंजुरीची टक्केवारी घसरते, आणि ती 95च्या खाली आली की बरीच कामं दिसतात पण घेता येत नाहीत.

ती पस्तिशीची, बी.कॉम., सातारा जिल्ह्यातली. नवरा कंत्राटी नोकरीत. कामं मुख्यतः अमेरिकेतून यायची. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ होतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात, म्हणजे तिकडचा दिवस ही हिची रात्र. तीन-तीन वाजेपर्यंत लॅपटॉप उघडा, उशाशी मोबाइल, आवाज पूर्ण वाढवलेला. न वाजलेला बीपही तिला झोपेत ऐकू यायचा. सासूबाई म्हणायच्या, "घरात असते, पण घरात नसते."

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माणूस परिस्थितीपेक्षा स्वतःच्या हट्टी मागणीनं जास्त पोळतो, असं ही पद्धत सांगते. मराठीत तर ही मागणी एका अक्षरात सापडते. 'काम मिळालं पाहिजे' ही इच्छा झाली. 'मिळालंच पाहिजे' म्हटलं की छातीत धडधड सुरू होते. मी तिला तो 'च' दाखवला.

ती शांतपणे म्हणाली, "च काढला मॅडम, तर दूधवाल्याला काय देऊ?"

मी थांबले. तिची भीती अर्धी खरी होती, आणि खऱ्या अर्ध्याचा हिशोब झाल्याशिवाय उरलेल्या अर्ध्यावर बोलण्याचा मला अधिकार नव्हता. या वाक्यानं माझी कामाची पद्धत बदलली. आता मी 'च'ला हात लावण्याआधी हिशोब मागते.

आठ दिवस वही लिहायची, दोन रकाने. लॅपटॉप किती वेळ उघडा होता, आणि त्यातला किती वेळ पैसे मिळणाऱ्या कामात गेला. हिशोबाची पोरगी, तिनं मिनिटांसकट मांडलं. रोजचे सरासरी नऊ तास, त्यातले कामाचे साडेतीन. उरलेला वेळ शोधण्यात, वाट पाहण्यात, उचललेलं काम परत करण्यात. टर्कवरच्या 2,676 कामगारांच्या 38 लाख कामांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. असा बिनपैशाचा वेळ धरला तर त्यांची मध्यक कमाई तासाला सुमारे दोन डॉलर निघाली होती. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ वहीकडेच पाहत राहिली. "म्हणजे हे फक्त माझंच नाही," एवढंच म्हणाली.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "कुकरची पहिली शिट्टी झाली की तुम्ही धावत जाता?"

"नाही. वरण-भाताला तीन होऊ देते."

"तीन कोणी ठरवल्या?"

"मीच की."

"आणि बीप कुठला ऐकायचा, हे कोण ठरवतं?"

ती ओठ मिटून बसली. मग सावकाश म्हणाली, "ते मी कधी ठरवलंच नाही. पांडा बसवून देणाऱ्या मुलानं जसं ठेवलं, तसंच आहे."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ रडणं पाहिलं आहे. त्या दिवशी ती रडली नाही, ताठ बसली. ते ताठ बसणं मला फार मोलाचं वाटतं. साधनानं तिचा हात वेगवान केला होता, पण वाट पाहायचं काम तिच्याच अंगावर टाकलं होतं, तेही चोवीस तास.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली. निम्म्याहून जास्त कमाई तीनच काम देणाऱ्यांकडून येत होती, आणि त्यांचं काम बहुधा दहाच्या आत पडायचं. तिनं बीप तेवढ्या तिघांपुरता ठेवला, त्यात किमान दर घातला आणि साडेदहाला लॅपटॉप बंद करायचं ठरवलं. पहिल्या महिन्यात कमाई थोडी घटली, हे लपवत नाही. तिसऱ्या महिन्यात जवळपास भरून आली. झोप मात्र दुसऱ्याच आठवड्यात परतली.

असं काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, साधन काढून टाकू नका. त्याशिवाय काम हाती लागत नाही, हे मला पटलं आहे. पण एका वेळी पुरी होतील तेवढीच कामं त्याला उचलू द्या. दहा घड्याळं एकदम चालू असली की डोकं एकाही कामात राहत नाही, चुका होतात आणि टक्केवारी जाते. मोबाइल उशाशी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. घरच्यांना कामाची वेळ सांगा. सात ते साडेदहा ही 'ड्युटी' आहे असं कळल्यावर तिच्या सासूबाई त्या वेळेत स्वतः कुकर लावू लागल्या.

ज्यांचं सगळं घर याच कमाईवर चालतं, त्यांना साडेदहाला थांबणं परवडणार नाही. त्यांच्यासोबत मी आधी सलग पाच तासांची झोप कुठे बसते ते शोधते, बाकीचं नंतर. भेटायला येणार असाल तर आठ दिवसांची वही भरून आणा. पहिला तास तिच्यावरच जातो.