ऑनलाइन परिषदेला पहिल्यांदा बसणाऱ्या बाललेखकांसाठी

'सोसायटी ऑफ चिल्ड्रेन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स' या 1971 साली स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेच्या ऑनलाइन परिषदेला तुम्ही भारतातून बसणार असाल, तर आधी वेळेचा हिशेब करा. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, त्यामुळे प्रत्येक सत्र थेट पाहण्याचा हट्ट धरू नये. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण (रेकॉर्डिंग) नंतर किती दिवस पाहता येईल, हे नोंदणीपूर्वीच तपासा आणि जागरण मात्र तुमच्या संहितेवरील (म्हणजे पुस्तकाच्या हस्तलिखितावरील) अभिप्रायासाठी व प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा, कारण तिथे तुमची उपस्थिती खरोखर लागते.

अभिप्रायासाठी चित्रपुस्तकाची संहिता पाठवायची असेल, तर कोरे कागद दुमडून 32 पानांची कच्ची पुस्तिका करा, तीत मजकूर विभागून मोठ्याने वाचा आणि जे चित्रातच दिसणार आहे ते शब्दांतून निर्दयपणे काढून टाका; माझ्या मते या तयारीचा उपयोग कित्येक व्याख्यानांहून अधिक होतो. चॅटमध्ये संपादकांना आपली कथा चिकटवणे मात्र अशोभनीय आहे, आणि तरीही कोणीतरी ते करतेच. काही संपादक परिषदेनंतर उपस्थितांकडून संहिता स्वीकारतात. त्याची मुदत आणि अटी तिथल्या तिथे टिपून घ्या.