दमानं धावा: पहिल्या मॅरेथॉनविषयी वाचकांचे प्रश्न

पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचं मूळ एकच: घाई. कुणाला वेगाची घाई, कुणाला अंतराची, कुणाला दुखणं झटकून पुन्हा पळायची.

प्रश्न: वय ३८. वर्षभर आठवड्यातून तीनदा ६-७ किलोमीटर धावतो. १० किलोमीटरला ७० मिनिटं लागतात. मॅरेथॉनला २० आठवडे आहेत. रोज जीव तोडून पळतो, तरी वेळ सुधारत नाही. आणखी जोर लावू का?

जोर कमी करा. १० किलोमीटरला ७० मिनिटं म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं. हा तुमचा शर्यतीतला वेग झाला, आणि तुम्ही रोज त्याच्याच आसपास पळताय. असं पळणं धड हलकं नाही, धड कठीणही नाही. त्यातून थकवा साठत जातो आणि अंतर वाढवायची वेळ आली की पाय नकार देतात. तुमचा रोजचा वेग किलोमीटरला पावणेआठ ते सव्वाआठ मिनिटं हवा. घड्याळ बघायचं नसेल तर बोलून बघा: सोबतच्या माणसाला दोन-तीन पूर्ण वाक्यं सलग सांगता आली पाहिजेत. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. चढ लागला आणि धाप लागायला लागली तर सरळ चाला. त्यात कमीपणा नाही.

हळू धावण्यानं स्नायूंमधल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, चरबी जाळून धावायची सवय लागते. मॅरेथॉनला लागतं ते हेच. ते व्हायला महिने लागतात आणि वेग वाढवून ते लवकर होत नाही.

आता २० आठवड्यांचं. आधी दिवस वाढवा, मग किलोमीटर. पहिले दोन आठवडे चौथा दिवस फक्त ४ किलोमीटरचा धरा. पुढे आठवड्याची घडी अशी बसते: दोन दिवस ६ ते ८ किलोमीटर हलकं, एक दिवस ८ ते १० किलोमीटर आणि त्यात मधली १५-२० मिनिटं जरा जोरात, एक दिवस लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती. लाँग रनचे आकडे आठवड्यागणिक साधारण असे ठेवा: १०, १२, १४, १०, १६, १८, २०, १४, २०, २२, १६, २४, १८, २६, २०, २४, २७. मग २०, मग १२, आणि विसाव्या आठवड्याच्या शेवटी शर्यत. अधूनमधून आकडा खाली येतो तो मुद्दाम आणलेला आहे. पाय ताजे वाटतात म्हणून ते उतरते आठवडे गाळू नका. केलेल्या मेहनतीचं बळ शरीरात भरतं ते त्याच आठवड्यांत.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम करा: एका पायावर टाच उचलणं १५ वेळा, स्क्वॉट (उठाबशा), ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), पायरीवर चढ-उतर. यातलं एकच जमणार असेल तर टाच उचलणं सोडू नका. पोटऱ्या धावताना सगळ्यात जास्त राबतात आणि व्यायामाच्या वेळी सगळ्यात आधी विसरल्या जातात.

प्रश्न: सगळे म्हणतात सरावात ३०-३२ किलोमीटर पुरे. पण एकदा पूर्ण ४२ पळून बघितल्याशिवाय भरवसा कसा येणार?

भरवसा येईल, पण त्यापायी शर्यत जाईल. ४२ किलोमीटर धावल्यावर स्नायूंची झीज भरून यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. तेवढ्या काळात तुमचा उरलेला सराव बुडतो. हळू धावणाऱ्यांनी तर किलोमीटरऐवजी वेळ मोजावा: लाँग रन साडेतीन तासांच्या पुढे नेऊ नये. त्यानंतर मिळणारा फायदा थोडा आणि दुखापतीचा धोका मोठा. साडेतीन तासांत तुमचे २७ किलोमीटर होत असतील तर २७ वर थांबा. उरलेली उणीव आठवड्याचं एकूण अंतर भरून काढतं, आणि लाँग रनच्या आदल्या दिवशी ६-८ किलोमीटर धावून ठेवलं तर थकल्या पायांनी पळण्याचा सरावही होतो.

शेवटची मोठी धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यापुढचा काळ टेपरचा, म्हणजे सराव उतरवत नेण्याचा. नेहमीच्या अंतराच्या साधारण ७५ टक्के, मग ५० टक्के, आणि शेवटच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या धावा. अंतर कमी करायचं, जोरात धावण्याचा छोटा तुकडा मात्र ठेवायचा, नाहीतर पाय जड होतात. या दिवसांत गुडघा कुरकुरतो, घसा खवखवतोय असं वाटतं, सगळं विसरलो असंही वाटतं. जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. त्या भीतीपोटी एक जादा लाँग रन मारणं, ही टेपरमधली सगळ्यात महागडी चूक.

प्रश्न: हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटांत आरामात झाली. पण ३० किलोमीटरच्या सरावात २६ व्या किलोमीटरला हातपाय गळाले, डोकं सुन्न झालं, चालत घरी यावं लागलं. श्वास ठीक होता. सोबत फक्त पाणी होतं. कमी कुठे पडलो?

पाण्याच्या बाटलीत. तिच्यात साखर नव्हती.

हिशोब मांडून बघू. धावताना साधारणपणे दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च होते. वजन ७० किलो धरलं तर ४२ किलोमीटरला सुमारे २,९५०. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. बाकीचं चरबीतून येतं, आणि चरबी तर कुणाकडेही भरपूर असते. पण ती सावकाश जळते. वेग जितका जास्त तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा. साठा आटला की शरीर चरबीच्या गतीवर येतं, रक्तातली साखर उतरली की डोकं सुन्न होतं. धावणारे ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती हीच. हाफ मॅरेथॉन या साठ्यात बसते, म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवलं नाही.

उपाय तीन ठिकाणी आहे. पहिला वेगात: सुरुवातीचे दहा किलोमीटर वाटतं त्यापेक्षा हळू. दुसरा वाटेत: दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये (धावताना खायच्या घट्ट, गोड पाकाच्या पाकिटात) बहुतेक वेळा २० ते २५ ग्रॅम असतात, पाकिटामागे आकडा असतो तो वाचा. पहिलं जेल ३०-४० मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने एक. साडेचार तासांच्या शर्यतीला ७-८ जेल होतात. भूक लागायची किंवा थकवा यायची वाट बघू नका, कारण तोवर उशीर झालेला असतो. जेल चार-पाच घोट साध्या पाण्याबरोबर घ्या. गोड स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेतलं तर पोटात साखरेचा पाक होतो, आतडी पाणी ओढून घेतात, आणि पुढे काय शोधत पळावं लागतं ते सांगायला नको.

जेलनं पोट बिघडतं ही तक्रार खरी आहे. धावताना रक्त पायांकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. पण पोटालाही सराव देता येतो. आठ-दहा आठवडे आधीपासून प्रत्येक लाँग रनला तेच जेल त्याच वेळेला घ्या. सुरुवातीला तासाला एक, हळूहळू दोन. शर्यतीच्या दिवशी नवं काहीही नाही: जेल नाही, मोजे नाहीत, बूट तर नाहीतच.

तिसरा उपाय आदल्या दोन दिवसांत. रोज वजनाच्या दर किलोमागे ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५६० ते ७००. हे वाटतं त्याहून बरंच जास्त आहे. ताटातली चरबी आणि चोथा कमी केल्याशिवाय एवढं पोटात मावत नाही, म्हणून कोशिंबिरीला दोन दिवस सुट्टी द्या. आदल्या रात्री एकदाच तडस लागेपर्यंत जेवणं म्हणजे ही तयारी नव्हे. त्यानं फक्त झोप उडते. वजन एक-दोन किलोंनी वाढेल. घाबरू नका: ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं.

प्रश्न: नडगी दुखते. आधी फक्त धावताना दुखायची, आता जिना उतरतानाही. बर्फ लावून चालवून घेऊ का?

आधी बोटानं तपासा. पाय सैल सोडून बसा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वरपर्यंत अंगठा दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा ठणकत असेल, धावताना सुरुवातीला दुखून मग कमी होत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त ताणानं नडगीच्या कडेला होणारं दुखणं. अंतर निम्म्यावर आणा, उतार आणि जोराची धाव बंद करा, टाच उचलण्याचे व्यायाम वाढवा. पण एकाच जागी, एका बोटाच्या टोकाखाली सणक येत असेल, चालताना किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर हाडाला तडा गेला असण्याची शक्यता असते. तुमचं दुखणं जिन्यावर पोचलंय, म्हणजे धावणं आजच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र दिसतं. त्यामुळे एक्स-रे बरा आला म्हणून पळत सुटू नका.

असं का होतं? दम दोन महिन्यांत वाढतो, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) त्यामानानं फार सावकाश. फुप्फुसं म्हणतात अजून जाऊ, नडगी म्हणते थांब. ऐकायचं नडगीचं. स्त्रियांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं: सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर आहार कमी पडतोय असं समजा. ‘शरीराला सवय होतेय’ म्हणून ते सोडून दिलं तर त्याची किंमत हाडं मोजतात.

प्रश्न: पाणी किती प्यायचं? कुणी म्हणतं वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लासभर घ्या, कुणी म्हणतं तहान लागली तरच.

तहान हा चांगला मापक आहे, पण एकदा स्वतःचा आकडाही काढून ठेवा. लघवी करून, कोरड्या अंगानं वजन करा. तासभर शर्यतीच्या वेगानं धावा. घाम पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६८.४ किलो होतं, नंतर ६७.५, आणि मध्ये ३०० मिलीलिटर पाणी प्यायलात. मग घाम गेला ९०० अधिक ३००, म्हणजे १.२ लिटर तासाला. थंडीत आणि उकाड्यात हा आकडा खूप बदलतो, म्हणून दोन्ही दिवसांत मोजा. गेलेलं सगळं पाणी भरून काढायची गरज नाही. शर्यतीअखेर वजन दोन टक्के उतरलं तरी चालतं.

वजन वाढलं तर मात्र काळजीचं. चार-पाच तास रमतगमत धावणारा प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पीत गेला तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलट्या, बरळणं ही त्याची लक्षणं. त्यातून जीवही जाऊ शकतो, आणि अशा माणसाला ‘डिहायड्रेशन झालंय’ म्हणून आणखी पाणी पाजलं तर घातच. वेदनाशामक गोळी खाऊन शर्यतीला उभं राहू नका, विशेषतः आयबुप्रोफेन. मूत्रपिंडावर ताण येतो आणि सोडियम पातळ होण्याचा हाच धोका वाढतो.

प्रश्न: तापामुळे नऊ दिवस बुडाले. बुडालेलं अंतर कसं भरून काढू?

भरून काढायचं नाही. ताप उतरून अंगात ताकद आल्यावर तीन-चार दिवस अगदी हलकं धावा आणि तक्त्यात त्या तारखेला जे आहे तिथून, लाँग रन एक पायरी खाली ठेवून, पुढे चला. ताप अंगात असताना धावू नका, कारण हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

प्रश्न: साडेचार तासांचं लक्ष्य आहे. किलोमीटरला ६:२४ (६ मिनिटं २४ सेकंद) चा वेग धरून सरावाच्या एका शर्यतीत पळालो. घड्याळात वेग बरोबर दिसत होता, तरी ठरलेल्या वेळेपेक्षा मागे पडलो. मार्ग चुकीचा मोजला होता का?

बहुधा नाही. ४२.१९५ किलोमीटर मोजतात ते धावपटूला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेवर, म्हणजे प्रत्येक वळण आतल्या कडेनं घेत. वर मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. तुम्ही गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलांकडे वळत, वळणं बाहेरून घेत जाता, आणि घड्याळाचं जीपीएसही थोडं इकडेतिकडे होतं. शेवटी घड्याळात ४२.६ किंवा त्याहून जास्त दिसतं. साडेचार तासांना ४२.६ नी भागा: ६:२० येतो. घड्याळात दिसायला हवा तो हा वेग. त्याहून बरं म्हणजे किलोमीटरच्या पाट्यांवरची एकूण वेळ बघा: ६:२४ प्रमाणे १० ला १:०४ (१ तास ४ मिनिटं), २० ला २:०८, ३० ला ३:१२.

मात्र पहिल्या दहाला १:०५ किंवा १:०६ लागू द्या. तिथे वाचवलेलं एक मिनिट पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पाच मिनिटं परत घेतं. आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम थांबू नका: पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं, भोवळ येते. दहा मिनिटं चालत राहा. भोवळ आलीच तर खाली झोपून पाय वर करा.