सोळाशे डॉलरचा प्रश्न आणि बंद पडलेलं ४०१-के

प्रश्न: आम्ही मिशिगनमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ३८,००० डॉलरला घेतला. टॅक्स, फी आणि सात वर्षांचं सर्व्हिस काँट्रॅक्ट (३,२००) धरून, रोख ३,८०० भरल्यावर कर्ज ४०,००० झालं. व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता ४०६. व्याज खुपतं म्हणून दोन वर्षांपूर्वी ४०१-के (पगारातून कापली जाणारी निवृत्तीची बचत) बंद केलं आणि तेच २५० डॉलर दरमहा मुद्दलात जास्तीचे भरतो. पगार ९२,०००, मी एकटा कमावता. मी घातले तर कंपनीही ४०१-के मध्ये पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते. थंडीआधी बाहेरचे सांधे नव्याने सील करायला डीलर १,६०० मागतोय. मी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनच्या चार ट्यूब आणल्यात. स्वतः करू, डीलरला देऊ, की यंदा राहू दे? पाणी शिरलंच तर काँट्रॅक्ट आहेच. यंदा ट्रेलर ११ रात्री वापरला. दोन वर्षांनी विकायचा विचार आहे, ३० हजार तरी यावेत.

उत्तर: सिलिकॉनच्या ट्यूब आधी परत करून या, कारण पुढे येईल. भिंती आतून कोरड्या असतील तर काम स्वतः करा. सगळं सामान अडीचशे-तीनशे डॉलरचं आणि दोन शनिवारांचं काम. ‘यंदा राहू दे’ हा पर्याय खोडून टाका.

आता तुम्ही न विचारलेलं. ४०१-के बंद करून दोन वर्षांत ६,००० डॉलर मुद्दलात गेले, त्यामुळे आजवर वाचलेलं व्याज साधारण साडेपाचशे. त्याच दोन वर्षांत कंपनीचे वर्षाला ३,६८० प्रमाणे ७,३६० डॉलर तुम्ही घेतलेच नाहीत. साडेपाचशे वाचवायला सात हजारांवर पाणी सोडलंत. नऊ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडणं एरवी शहाणपणाचंच. पण दुसरीकडे टाकलेला डॉलर त्याच दिवशी दुप्पट होत असताना नऊ टक्क्यांच्या मागे लागायचं नसतं. ते ७,३६० आता येणार नाहीत. पुढच्या पगारापासून ४ टक्के सुरू करा आणि जास्तीचा हप्ता थांबवा. हातातून जाणारी रक्कम तीच राहते: ४०१-के मध्ये महिन्याला तीनशे सात जातात, पण टॅक्स वाचून हातातले अडीचशेच कमी होतात. एचआरच्या पोर्टलवर पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

‘काँट्रॅक्ट आहेच’ हे वाक्य वाचून मात्र कपाळाला हात लावला. करारातलं ‘काय समाविष्ट नाही’ हे पान काढा. अशा करारांत फ्रिज, एसी, वॉटर हीटर, जॅकची मोटर वगैरे बिघडलं तर पैसे मिळतात. सीलंट म्हणजे देखभाल, आणि ती मालकाची. पाणी झिरपणं, लाकूड कुजणं, भिंतीचे थर सुटणं हे बहुधा नाव घेऊन वगळलेलं असतं. विमा कंपनीही हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे पैसे देत नाही. झाड पडून छत फाटलं तर देईल. त्यातून हे ३,२०० कर्जात मिसळले आहेत. महिन्याला ३२ डॉलर, पंधरा वर्षं, म्हणजे जवळपास ५,८००. सात वर्षांचं संरक्षण आणि पंधरा वर्षांचे हप्ते! डीलरकडे कर्जाचे कागद करतात त्या खोलीत हेच ‘दिवसाला जेमतेम एक डॉलर’ म्हणून गळ्यात मारलं जातं.

हा करार रद्द करा. बहुतेक करारांत उरलेल्या काळाच्या प्रमाणात परतावा मिळतो. सातातली चार वर्षं उरली आहेत, तेव्हा किरकोळ फी जाऊन १,७०० च्या आसपास. डीलरला आणि करार चालवणाऱ्या कंपनीला, दोघांनाही लेखी पत्र द्या. फोनवर ‘बघतो’ म्हणतात आणि विसरतात. पैसे तुमच्या हातात न येता कर्जाच्या मुद्दलात जमा होतील. हप्ता ४०६ च राहील, मुदत कमी होईल.

विक्रीचं बघू. जास्तीचे हप्ते धरून आज तुमचं कर्ज सुमारे २९,१०० उरलं असेल. परतावा जमा झाला की २७,४००. एप्रिलपर्यंत सहा हप्ते गेले की २६,२००. ट्रेलरची किंमत? तीन वर्षांत तिसरा हिस्सा उतरला असं धरा: २६ हजारांच्या आत-बाहेर, तेही खासगी गिऱ्हाइकाला आणि कोरडा असेल तर. डीलर याहून दोन-तीन हजार कमीच देईल. म्हणजे येत्या वसंतात, लोक ट्रेलर शोधत असताना, तुम्ही जवळजवळ बरोबरीत सुटता. दोन वर्षांनी ३० हजार कुठून येणार? जुना ट्रेलर म्हणजे मोक्याची जमीन नव्हे, थांबलं की भाव चढायला. थांबलात तर हप्ते, स्टोरेज आणि विमा मिळून दोन वर्षांत बारा हजार जातील आणि किंमत आणखी तीन-चार हजारांनी उतरेल. आताचा खर्च वर्षाला सहा हजार धरला तर ११ रात्रींना रात्रीचे साडेपाचशे पडले, कॅम्पसाइटचं भाडं वेगळं. त्या भावात ट्रॅव्हर्स सिटीला ऐन जुलैत तळ्याकाठचं हॉटेल मिळतं. मी विकलाच असता.

विकायचा असो वा ठेवायचा, ही थंडी तो कोरडा निघाला पाहिजे. सांध्यात शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट रुंदावतं. दुपारी वितळून आत उतरतं, रात्री पुन्हा गोठतं. नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मार्चमध्ये मिशिगनला हेच चालतं. फायबरग्लासच्या पत्र्यामागे पातळ प्लायवूड असतं. ते भिजलं की थर सुटतात आणि बाहेरून भिंत फुगलेली दिसते. असा ट्रेलर पाहिला की गिऱ्हाईक पाच-दहा हजार तोडतं किंवा सरळ निघून जातं. कर्ज मात्र तेवढंच राहतं.

आधी पिनवाला मॉइश्चर मीटर आणा, ३०-४० डॉलरला मिळतो. आतून पुढचे दोन्ही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, वरच्या कपाटांचे मागचे कोपरे आणि पलंगाखालची जागा तपासा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २० च्या वर गेलं तर सीलंटला हात लावू नका, पाणी आत कोंडून ठेवाल. मग आधी उघडून वाळवणं आलं, आणि ते काम दुकानाचं.

सामान: छतासाठी सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणाऱ्या) लॅप सीलंटच्या सहा ट्यूब, भिंतींसाठी न ओघळणाऱ्या सीलंटच्या सहा, एक इंची ब्यूटाइल टेपचे (मऊ, चिकट रबरी पट्टीचे) तीस फुटी तीन रोल (चार कोपरे आणि छताच्या दोन्ही कडा मिळून पंचाऐंशी फूट भरतात), मोल्डिंगमधली (सांध्यावर स्क्रूने बसवलेल्या पट्टीतली) स्क्रू झाकणारी व्हायनिल पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लॅस्टिकचे स्क्रेपर आणि मूठभर स्टेनलेस स्क्रू. छताचं सीलंट भिंतीला लावलंत तर ते मेणासारखं खाली ओघळतं. छत रबराचं असेल तर त्यावर पेट्रोलियमचं सॉल्व्हंट वापरू नका, रबर फुगतं. आणि सिलिकॉन: तो एकदा लागला की त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवा सिलिकॉनसुद्धा नाही. पुढच्या वेळी अणू-रेणू खरवडत बसावं लागतं.

कोपऱ्याच्या मोल्डिंगमधली व्हायनिल पट्टी ओढून काढा आणि स्क्रू पाहा. ते स्वच्छ असतील आणि मागचं ब्यूटाइल मऊ असेल तर मोल्डिंग हलवू नका. बाहेरची जुनी रेघ खरवडा, अल्कोहोलने पुसा, नवी रेघ ओढा. स्क्रू गंजलेला निघाला तर पाणी तिथवर पोचलंय असं समजा. मग मोल्डिंग उतरवा, जुनं ब्यूटाइल पूर्ण काढा, नवी टेप लावून परत बसवा. भोक ढिलं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू घाला. इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, हाताने आवळा. दुसऱ्या दिवशी उन्हात टेप दबली की पुन्हा अर्धा फेरा द्या, बाहेर आलेलं ब्यूटाइल कापा आणि मग वरून सीलंट. व्हायनिल पट्टी ताणून बसवू नका, थंडीत ती आक्रसते आणि टोकाला स्क्रू उघडे पडतात. दोन इंच जास्तच ठेवा.

खिडकीची वरची बाजू आणि दोन्ही उभ्या बाजू सील करा, खालची मोकळी सोडा. तिथल्या बारीक भोकांतून चौकटीतलं पाणी बाहेर जातं. ती बुजवलीत की तेच पाणी भिंतीत उतरतं. हौसेने चारही बाजू भरणारे पुष्कळ.

हवा ५० फॅरनहाइटच्या वर आणि कोरडी हवी, म्हणून ऑक्टोबरात दुपारी अकरा ते चार एवढाच वेळ धरा. ट्यूब रात्री घरात ठेवा, गार ट्यूबमधून रेघ सरळ येत नाही. छतावर प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका, आणि शिडीखाली कोणीतरी असू द्या.

काम करताना प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा: उघडलेले स्क्रू, नवी टेप, मीटरवरचा आकडा. ट्यूबच्या पावत्यांबरोबर ते जपून ठेवा. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक पहिलं हेच विचारेल, ‘सांधे कधी केले?’ सौदा ठरला की त्याचे पैसे थेट तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेत भरायला लावा आणि कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय ट्रेलर त्याच्या ट्रकला जोडू देऊ नका.