थर्मामीटर झटकू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल फाइल पाहिली. पाझर तलावासाठी चार जागांतून एक निवडायची, निकष तीन: खालचा खडक, उतार आणि 'जागा', म्हणजे मालकांच्या संमतीनं जमीन मिळणं. सुसंगती गुणोत्तर, म्हणजे तुझ्याच उत्तरांत किती विसंगती आहे त्याचं माप, ०.०५. पण मागच्या टॅबवर कालचं शीट तसंच राहिलंय आणि तिथं हाच आकडा ०.६३ आहे. रात्रीत तू एकच घर बदललंस. 'खडक विरुद्ध जागा' इथं १/२ होतं, तिथं ३ केलंस. ओढ्यावर जाऊन आलीस म्हणून, की आकडा ०.१० या चालण्याजोग्या मर्यादेच्या खाली आणायचा होता म्हणून?

रागावत नाहीये. आम्हीही हेच करायचो. पण ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकण्यातला हा प्रकार आहे. थॉमस साटीनं १९७० च्या दशकात एएचपी, म्हणजे निकषांना भारांक देऊन पर्याय निवडायची ही पद्धत, मांडली, तेव्हा दोन-दोन गोष्टी समोरासमोर ठेवून १ ते ९ च्या मापात तोलायची सोय केली आणि आपल्याच उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे तपासायची सोयही केली. ही दुसरी सोय मला जास्त मोलाची वाटते.

कालचंच शीट घे. खडक उताराच्या तिप्पट महत्त्वाचा, असं तू म्हणालीस. उतार जागेच्या दुप्पट. या हिशेबानं खडक जागेच्या सहापट ठरतो. भारांक साधारण ६७, २२ आणि ११ टक्के. पण खडक आणि जागा थेट समोर आल्यावर लिहिलंस की जागाच दुप्पट महत्त्वाची! एवढी तफावत हात चुकून पडत नाही. खडकाशी तोलताना तुझ्या डोळ्यांसमोर सात-बारा होता: खाली कितीही मुरूम असो, जागाच मिळाली नाही तर? उताराशी तोलताना तो सात-बारा फाइलीत गेला.

माझी एक जागा अशीच गेली. मुरूम खोल, उतार बेताचा, कागदावर पहिला नंबर. सात-बारावर अकरा सहहिस्सेदार. दहांनी सह्या दिल्या, अकरावे मुंबईला. जागेच्या निकषात मी तिला कमीच गुण दिले होते, पण खडकाच्या गुणांनी ती तूट भरून काढली. कागदावर. दोन उन्हाळे सहीची वाट पाहिली आणि शेवटी दुसरीकडे बांध घातला.

या पद्धतीत एका रकान्यातला भोपळा दुसऱ्या रकान्यातल्या गुणांखाली झाकला जातो. म्हणून संमतीला वेटेज देत बसू नकोस, तिची चाळणी कर. संमती नसेल ती जागा तुलनेला बसवायचीच नाही.

मग वर दोनच निकष उरतात. 'खालच्या अंगाच्या विहिरी' तू उताराच्या पोटात उपनिकष म्हणून टाकल्यास. अगं, पाझर तलाव बांधतो कुणासाठी? त्या विहिरींसाठीच ना? त्यांना उचलून वर आण. ही उतरंड रचताना तू दहा मिनिटंसुद्धा घालवली नसशील. सगळा वेळ आकडेमोडीत गेला. आकडेमोड एक्सेल करतं.

चौथी जागा पहिलीपासून शंभर पावलांवर आहे, जवळजवळ तिची जुळीच. यादी भरीव दिसावी म्हणून घातलीस ना? काढून टाक. हुबेहूब पर्याय वाढवला की आधीच्या पर्यायांचा क्रमसुद्धा उलटू शकतो, हे बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच दाखवलं आहे.

तुलना एकटीनं भरू नकोस. सरपंचांना विचार, विहीरवाल्या दोघा-तिघांना विचार, पण प्रत्येकाला वेगळं गाठ; चावडीवर एकत्र बसवलंस तर सगळे सरपंचांचंच उत्तर देतील. एक म्हणाला ४ आणि दुसरा म्हणाला १/४, तर दोघांचं वजन सारखं धरून उत्तर १ यायला हवं. साधी सरासरी २.१२५ देते. भूमितीय मध्य घे, म्हणजे दोघांचे आकडे गुणून त्याचं वर्गमूळ.

आणि रविवारी ओढ्यावर जा. खालच्या अंगाच्या विहिरींत डोकावून बघ, मुरूम किती हातांवर संपतो आणि कातळ कुठं लागतो. मग 'खडक विरुद्ध उतार' या घरात ३ राहतोय का ते सांग.

— सर