संगणकावरची मोटर आणि वर्कशॉपमधली मोटर

प्रश्न : भांडुपला माझे मोटर रिवाइंडिंगचे वर्कशॉप आहे. मुलगा मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने मोटर आणि तिचा वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह यांची चाचणी संगणकावर, सिम्युलेशनने करण्याचा विषय निवडला आहे. ज्या मोटरला हात लावला नाही तिची चाचणी कसली, असे मला वाटते. तो मात्र यातच करिअर करायचे म्हणतो आणि त्यासाठी एका खासगी क्लासचा महागडा कोर्स लावू या, असा त्याचा आग्रह आहे. काय करावे? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या शंकेत तथ्य आहे, पण तिच्यावरून हा विषयच पोकळ आहे असे ठरवणे मला योग्य वाटत नाही.

ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीला माल बाजारात आणण्यापूर्वी काही अप्रिय प्रश्नांची उत्तरे हवी असतात. पूर्ण भारावर मोटर चालू असताना एक फेज गेली, वेग मोजणाऱ्या एन्कोडरची वायर तुटली किंवा मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधला एखादा आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला, तर नियंत्रक कार्ड किती वेळात यंत्रणा बंद करते? असे बिघाड शेकडो अश्वशक्तीच्या खऱ्या मोटरवर मुद्दाम घडवणे खर्चाचेही आहे आणि जिवावर बेतणारेही. म्हणून कार्ड खरे ठेवतात, आणि इन्व्हर्टर, मोटर व भार यांची जागा संगणकाला देतात. कार्डाने सोडलेले गेट पल्स (हे स्विच चालू-बंद करण्याचे इशारे) वाचून संगणक प्रवाह, टॉर्क व वेग यांची समीकरणे सोडवतो आणि सेन्सरकडून यावेत तसे सिग्नल कार्डाकडे परत पाठवतो, त्यामुळे कार्डाच्या दृष्टीने समोर मोटर फिरतच असते. या पद्धतीला ‘हार्डवेअर-इन-द-लूप’ म्हणतात. एकच बिघाड रात्रभर शंभर वेळा घडवला, तरी काही जळत नाही.

यातली खरी कसोटी वेळेची असते. ड्राइव्हची स्विचिंग वारंवारता १० किलोहर्ट्झ असेल, तर एक आवर्तन १०० मायक्रोसेकंदांत संपते. संगणक दर ५० मायक्रोसेकंदांनी हिशेब करत असेल, तर एका आवर्तनात त्याला दोनच बिंदू मिळतात आणि पल्सची रुंदी त्याला नीट कळतच नाही. म्हणूनच अशा सिम्युलेटरमध्ये इन्व्हर्टरचा भाग बहुधा एफपीजीए (आतली रचना हवी तशी जुळवता येणारी वेगवान) चिपवर, एक मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या किंवा त्याहूनही लहान पायरीने सोडवतात. आपल्या चिरंजीवांचा प्रकल्प बहुधा याच्या अलीकडचा, म्हणजे मोटर आणि नियंत्रण दोन्ही सॉफ्टवेअरमध्येच असलेला असेल. सुरुवातीला तेही पुरेसे आहे.

आता आपल्या शंकेकडे येतो. मॉडेलला तेवढेच कळते, जेवढे त्यात घातलेले असते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या डीसी बसवर (आतल्या एकदिश विजेच्या भागावर) सुमारे ५८५ व्होल्ट असतात. पण ड्राइव्ह आणि मोटर यांच्यातील केबल लांब असेल, तर परावर्तित लहरींमुळे मोटरच्या टर्मिनलवर पल्सचे टोक जवळजवळ दुप्पट, म्हणजे हजार व्होल्टच्याही वर जाऊ शकते, आणि त्याचा सर्वाधिक ताण कॉइलच्या पहिल्या काही वेढ्यांवर येतो. अशा जळालेल्या वाइंडिंगा आपण वर्कशॉपमध्ये उघडल्या असतील. महाविद्यालयातल्या नेहमीच्या मॉडेलमध्ये केबलच नसते, त्यामुळे हा बिघाड त्यात कधीच दिसत नाही. तापमानाचेही तसेच आहे : तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २५ अंशांवर मोजलेला रोध १०० अंशांवर जवळपास ३० टक्के जास्त भरतो. थंड मोटरचे आकडे घालून केलेले मॉडेल गरम मोटरचा टॉर्क, विशेषतः कमी वेगावर, चुकीचा सांगते. हे ज्याला ठाऊक नाही, तो सिम्युलेशनच्या सुबक आलेखावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. नोकरीच्या मुलाखतीत अशा उमेदवाराला ओळखायला फार वेळ लागत नाही.

म्हणून प्रकल्पाचा विषय बदलू नका, तो आपल्या वर्कशॉपपर्यंत आणा. पाच अश्वशक्तीची एक साधी स्क्विरल केज मोटर निवडावी. तिच्या वाइंडिंगचा रोध मोजावा, नो-लोड (भाराविना) चाचणी घ्यावी, आणि लॉक्ड रोटर (फिरता भाग अडवून करायची) चाचणी डिमरस्टॅट या व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने व्होल्टेज कमी ठेवून, प्रवाह रेटिंगइतका म्हणजे साधारण साडेसात अँपिअर होईपर्यंतच करावी. या आकड्यांवरून मॉडेल बांधावे, त्यात मोटर डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, सुरू करून पाहावी आणि तेच प्रत्यक्षात करून प्रवाह ऑसिलोस्कोपवर नोंदवावा. (साधा क्लॅम्प मीटर सुरुवातीचा झटका पकडत नाही.) दोन्ही आलेख जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, याचा शोध हाच अहवालाचा गाभा करावा. हे काम आपण समोर उभे राहून करून घ्यावे. आणि पुढे ड्राइव्ह जोडलाच, तर वीज बंद केल्यावरही त्याचे कपॅसिटर काही मिनिटे भारित राहतात, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगावे.

नोकऱ्यांबाबत स्पष्ट लिहितो. केवळ सिम्युलेटरवर चाचण्या घेण्याची पदे मुंबईपेक्षा पुणे आणि बंगळुरू येथे अधिक आहेत, कारण वाहनउद्योग व त्याच्या संशोधन शाखा तिकडे आहेत. मुंबई-ठाणे पट्ट्यात ड्राइव्ह बसवून चालू करून देणे, लोकल व मेट्रोच्या थ्री-फेज यंत्रणांची देखभाल, पंप आणि लिफ्टचे ड्राइव्ह अशी कामे जास्त मिळतात. त्यांत सिम्युलेशनचे ज्ञान उपयोगी पडते, पण पगार केवळ त्याचा मिळत नाही. चाचणीच्याच क्षेत्रात पुढे जायचे असेल, तर ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करणे हा मला अधिक भरवशाचा मार्ग वाटतो.

राहिला क्लासचा प्रश्न. मी पैसे भरणार नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर इलेक्ट्रिक ड्राइव्हवरची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून सायलॅब व ओपनमॉडेलिका ही मुक्त सॉफ्टवेअर शिकता येतात, आणि महाविद्यालयात मॅटलॅबचा परवाना असेल तर सिम्युलिंक हे त्याच्या जोडीचे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतच मिळेल. क्लासच्या शुल्काचा थोडा भाग मोटर कंट्रोलचा एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि प्रवाह मोजण्याचा चांगला प्रोब यांवर खर्च करावा, आणि सी भाषा कच्ची असेल तर येत्या सुट्टीत आधी ती पक्की करून घ्यावी.